फेलिसाची सही

नोटा बदलून घेणाऱ्यांची रांग कचेरीच्या पायऱ्या उतरून मासळीबाजारापर्यंत गेली होती. फेलिसा आत आली, टेबलामागे कोण बसलंय ते तिने पाहिलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. आन्सेल्मो तुपास. लढाईआधी याच नगर कचेरीत दोघं शेजारीशेजारी कारकुनी करायची. जपानी आले तेव्हा ती बाकीच्यांबरोबर डोंगरात पळाली, हा खुर्चीला चिकटून राहिला. जपानीही गेले, झेंडा बदलला, खुर्ची तीच आणि वर बसलेला तोच. असल्या माणसांचं कधी काही वाकडं होत नाही.

तिच्यापुढे लोलो ब्रुनो, साऱ्या गावाचे आजोबा, उभे होते, हातात वेळूची नळी घेऊन. नळीत ऐंशी पेसोंच्या नोटा. डोंगरात पळून गेलेल्या नगर सरकारने शाळेच्या वह्यांची पानं फाडून, लाकडी ठशाने छापलेल्या. लढणाऱ्या पोरांना खायला म्हणून म्हाताऱ्याने आपला एकुलता एक रेडा दिला होता, त्याची ही किंमत. असली एक नोट सापडली तरी जपानी मान उडवायचे, म्हणून नळी तीन वर्षं चुलीखाली पुरलेली. आता लावणी तोंडावर आली होती आणि नांगराला रेडा नव्हता.

आन्सेल्मोने नोट उजेडात धरली. "सही खरी आहे याला पुरावा काय?"

"सही करणारीच उभी आहे की मागे," लोलो म्हणाले.

तेवढ्यासाठीच तर लोलोंनी तिला बोलावलं होतं. प्रत्येक नोटेवर फेलिसाच्या हातची सही होती, तिच्याशिवाय नोट चालायची नाही. बाकीचे सगळे टोपणनावाने सह्या करत. तिने मात्र आपलं पूर्ण नाव लिहिलं, फेलिसा पानालिगान, ठसठशीत. खोट्या नावाची नोट ती खोटीच, असं तिचं म्हणणं. त्या खुळ्या प्रामाणिकपणाची किंमत तिने पुढे मोजली.

"बसा," आन्सेल्मोने कागद पुढे सरकवला. "इथे सही करा. जुळली तर नोटा बदलून देऊ."

"तुम्ही-आम्ही कधीपासून रे? एका डब्यात जेवलोय आपण."

"सरकारी काम आहे, इंदाय फेलिसा," परक्या बाईला मानाने हाक मारावी तसं तो म्हणाला.

तिने डाव्या हाताने टाक उचलला. उजव्या हाताची तीन बोटं बंदुकीच्या दस्त्याने चेचलेली, वाकडीतिकडी सांधलेली. त्यांच्यात टाक धरवत नव्हता. अक्षरं कशीबशी उमटली, लहान मुलाच्या पाटीवरच्यासारखी.

आन्सेल्मोने कागद नोटेशेजारी ठेवला. फार वेळ पाहिल्यासारखं केलं. "जुळत नाही. मी काय करू? नियम आहे."

"आन्सेल्मो," लोलो म्हणाले, "तिचा हात बघ तरी."

"हात बघायला मी डॉक्टर नाही, लोलो. पुढचे या."

म्हातारा हलला नाही. नळीचं तोंड तळव्याने झाकून नुसता उभा राहिला, आणि ते पाहून फेलिसाच्या अंगाची लाही लाही झाली. तिने उजवा हात उचलला आणि टेबलावर ठेवला, बरोबर त्या नोटेवर.

"हा हात कुठे मोडला, सांग यांना."

"जुनं कशाला उकरतेस?"

"आता बरी अगं-तुगं सुचली. मी सांगते." ती रांगेकडे वळली. "याच कचेरीत. याच टेबलावर. जपानी कॅप्टनने नोट पुढे टाकली आणि विचारलं, ही बाई कोण? पकडून आणल्यावर मी नाव खोटं सांगितलं होतं. हा तिथे भिंतीशी उभा होता. एकदाच बघितलंन. म्हणाला, सही फेलिसाचीच आहे, मी सात वर्षं हिच्या शेजारी बसलोय."

रांगेतली माणसं टेबलाकडे सरकली.

"माझ्या पाठीला संगीन होती," आन्सेल्मो हळू आवाजात म्हणाला.

"असेल. म्हणून आजवर मी तोंड उघडलं नाही. आता काय आहे पाठीला?"

त्याने कपाळ पुसलं. शिक्का उचलला, शाईत बुडवला.

"असा नाही," फेलिसा म्हणाली. "आधी बोल. तेव्हा बोललास ना, तस्सं."

"फेलिसा, लोक आहेत."

"त्यांच्यासाठीच बोलायचंय."

टेबलाकडे बघत तो म्हणाला, "सही फेलिसाचीच आहे."

शिक्का बसला. लोलो ब्रुनोंनी दुसरी नोट उलगडून ठेवली. आन्सेल्मो शिक्का उचलू लागला तसा तिने नोटेवर हात ठेवला.

"प्रत्येक नोटेला," ती म्हणाली.

तिने भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि पूर्वीसारखी त्याच्या शेजारी बसली. राग तसूभरही उतरला नव्हता, आणि रांग मासळीबाजारापर्यंत होती.