आपखुशीने परतलेली बोट

मित्रांनो, मी मासिनलोक या मच्छीमार गावच्या देल्फिन तांडेलाच्या बोटीवरचा जुना वायरलेस आहे. कारखान्यात माझ्या पोटात तारा भरल्या, बंदरावर आल्यावर मात्र नुसती बडबड भरली.

"देल्फिन, मासे मिळाले की आज नुसता मीठभात?"

"मिळाले की! तुझ्या सासऱ्याकडे पाठवलेत!"

अशी इतर बोटींशी थट्टा माझ्यातून दिवसभर चालायची. एकदा वादळाची खबर मी वेळेवर दिली, तेव्हा देल्फिनच्या बायकोने, लुदिविनाने, मला मऊ फडक्याने पुसलं. "हा नसता तर मी आज विधवा असते," असं ती गावभर सांगत सुटली. मी कसला फुगलो होतो!

मग आमच्या नेहमीच्या प्रवाळखडकापाशी शेजारच्या बड्या देशाची पांढरी जहाजं येऊन बसली. गोळी एकही सुटली नाही. फक्त माझ्यातून एक आवाज येऊ लागला, सभ्य, गोड, आमच्याच भाषेत. "आमच्या कायद्याप्रमाणे हे पाणी आमचं आहे. थांबाल तर अटक होईल."

"माझा बाप इथे जाळं टाकायचा. हा कोण लागून गेला!" देल्फिन म्हणायचा. पण रोज तेच ऐकून त्याचा धीर सुटत चालला.

एके दिवशी त्याचा धाकटा भाऊ नार्दो बोटीवरची छोटी वल्ह्यांची होडी घेऊन खडकाआड गेला होता. आवाज म्हणाला, "तुमचा माणूस आमच्या ताब्यात आहे. मुकाट्याने परत जा, म्हणजे त्याला सोडू." देल्फिनने लगेच बोट वळवली. नार्दो तर तिथेच गळ टाकून निवांत बसला होता. पण ते मला तरी कुठे ठाऊक होतं?

संध्याकाळी त्याच आवाजाने माझ्यातून बातमी सांगितली, की मच्छीमार आपखुशीने परतले. पांढऱ्या जहाजावरून काढलेला आमच्या वळत्या बोटीचा फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरत होता.

वल्ही मारत एवढ्या लांबचा किनारा गाठणं नार्दोला शक्य नव्हतं; काही दिवसांनी तो दुसऱ्या एका बोटीला सापडला. तहानेने त्याची जीभ सुजली होती, पण जीव वाचला. देल्फिन त्याच्या उशाशी बसून रडला. "मला वाटलं, त्यांनी तुला धरलंय रे!"

"त्यांचं सोड, दादा. तू खडकाला एक वळसासुद्धा घातला नाहीस."

आता नार्दो दुसऱ्याच्या बोटीवर जातो. मला काढून जाळ्यांच्या ढिगाखाली टाकलंय, आणि खारी हवा माझ्या तारा खाते आहे. खोटं माझं नव्हतं, पण ते माझ्या तोंडून बाहेर पडलं, याचं मला फार वाईट वाटतं. मित्रांनो, मला दुरुस्त नाही केलंत तरी चालेल. पण कुणी कायद्याचं नाव घेऊन गोड आवाजात घाबरवलं, तर पाठ फिरवण्याआधी आपल्या माणसाला एकदा हाक मारून बघा.