पाणघोड्याखालची भेग

मित्रांनो, मी एक जुनी भेग आहे. खरी नव्हे, रंगवलेली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ लोकांना एवढंच न कळल्यामुळे झाला.

एका जुन्या कापडगोदामात काही कलाकार मंडळी राहायची आणि तिथेच काम करायची. एक बाहुल्या करणारा, एक फ्रेमवाला, मुखवटे बनवणाऱ्या दोघी बहिणी आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारी मावशी. सगळे तिला मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते. खरं तर ती माझी आई लागते.

या मंडळींनी गोदामाच्या बाहेरच्या भिंतीवर एक अवाढव्य पाणघोडा रंगवला. तो वरच्या मजल्यावरच्या छज्ज्यावर पाय खाली सोडून बसलाय आणि गल्लीकडे बघतोय, जणू कोणाची तरी वाट बघतोय आणि ते उशीर करतायत. चित्र पूर्ण झाल्यावर मावशी खाली उतरली. मान वाकडी करून तिने बराच वेळ बघितलं.

"एवढं धूड बसलंय आणि भिंतीला काहीच होत नाही," ती म्हणाली. "हे पटत नाही."

ती पुन्हा वर गेली आणि पाणघोड्याच्या बुडाखालून मला रंगवलं. काळी रेघ, एका कडेला करडी सावली, दुसऱ्या कडेला उजळ किनार, मधूनमधून सुटलेले पोपडे. पोपडेही रंगवलेलेच. पहिल्याच आठवड्यात एक पाल घाईघाईने माझ्यात शिरायला आली आणि नाकावर आपटली. याहून मोठं कौतुक माझ्या वाट्याला पुढे कधीच आलं नाही.

दर उन्हाळ्यात मंडळी गच्चीवरून झुला सोडायची, म्हणजे दोरांना बांधलेली लाकडी फळी, आणि तिच्यावर बसून चित्राला नवा हात द्यायची. शाळेतून येणारी मुलं खालून सूचना करायची. "मावशी, याचं पोट वाढवा." मावशी पोट वाढवायची. आता वजन वाढलं तर भेग वाढायला नको का? मावशीचा हिशोब चोख असायचा. अशी मी दरवर्षी हातभर लांब होत गेले. मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग तो भाग नवा करायचं ठरलं. घड्याळवाल्याचं दुकान गेलं, शिंप्याची इमारत गेली. आमच्या भिंतीसमोरची गल्लीच खणली आणि तिथे खोल खड्डा झाला. यंत्रं दिवसभर धडधडायची, भिंत थरथरायची. आमची मंडळी जागा सोडत नव्हती. पण इमारत धोकादायक ठरली, तर त्यांना विचारायची गरजच उरणार नव्हती.

बिल्डरच्या टाय लावणाऱ्या माणसाला मंडळी पाठीमागे 'टाय' म्हणत. त्याने खड्ड्यापलीकडून माझा फोटो काढला आणि शेजारी जुने फोटो ठेवले. जुन्यात मी खिडकीपर्यंत, नव्यात जवळजवळ जमिनीपर्यंत. भिंत दरवर्षी फाटत चाललीय, असं त्याने पालिकेला दाखवलं, आणि इमारत रिकामी करायचा आदेश आला. मुखवटे, बाहुल्या, फ्रेमा जिन्यावरून खाली येऊ लागल्या.

शेवटची पाहणी करायला पालिकेच्या इंजिनिअर बाई गच्चीवर आल्या, मागोमाग टाय. मावशीने त्यांना कठड्यापाशीच गाठलं.

"बाई, ती भेग मी रंगवलीये."

"ती दरवर्षी वाढतेय."

"दरवर्षी मीच वाढवते."

"का?"

"पाणघोडा जाड होतोय ना."

"लोकांनी मला खूप कारणं सांगितलीयत," इंजिनिअर बाई म्हणाल्या, "हे नवीन आहे."

"हात लावून बघा."

"कसा? खाली खड्डा आहे."

"झुला आहे."

"मॅडम, कशाला जिवाशी खेळताय?" टाय मध्ये पडला. "भिंत कधीही बसेल. आणि माझी माणसं संध्याकाळी तोडकाम सुरू करणार आहेत."

"संध्याकाळी? माझी सही व्हायच्या आधीच ठरलं वाटतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कमरेला पट्टा बांधला.

झुला खाली आला. फळीवर दोघी, खाली खड्डा. "मला उंचीची भीती वाटते," बाई हळूच म्हणाल्या. "मग खाली नका बघू. त्याच्याकडे बघा," मावशीने पाणघोडा दाखवला. बाईंनी माझ्यावरून बोट फिरवलं. पाल जिथे आपटली, तिथेच.

"वर रंग आहे, मान्य. पण खालची खरी भेग झाकायला रंग दिला नसेल कशावरून? प्लास्टर फोडून बघावं लागेल. मधलं. तिथे ही सगळ्यात रुंद आहे."

मित्रांनो, माझ्या पाठीमागे काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. मी आयुष्यभर पुढूनच जगले होते. यंत्रांच्या त्या धडधडीत मागे काही फुटलं असेल, तर मंडळींचं घर गेलं. नसेल, तरी माझं पोट फुटणारच होतं.

"मी ठोकू?" बाईंनी छिन्नी काढली.

"द्या इकडे. भेग माझी आहे."

मावशीचा पहिला घाव चुकला. दुसरा बसला. माझे तुकडे खाली गेले, आणि खड्ड्यातून त्यांचा आवाज यायला फार वेळ लागला. एक वीट दिसली. मग तिच्या शेजारची. बाईंनी नखाने सांधे चाचपले, हळूहळू, एकेक.

"शाबूत आहेत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे आधी मला वर ओढायला सांगा."

वर टाय उभाच होता. "भिंत चांगली आहे म्हणता?"

"भिंत उत्तम आहे. पाणघोडा जाड आहे."

आदेश रद्द झाला, मुखवटे पुन्हा जिना चढले. माझे मात्र दोन तुकडे झाले. वर मी, खाली मी, मध्ये उघड्या विटा. मावशीने ती जागा रंगवली नाही. पुन्हा कोणी आलं तर दाखवता येईल, म्हणाली. पाणघोड्याला तिने यंदा पथ्यावर ठेवलंय. मुलं नाराज आहेत.

मित्रांनो, कुठलीही भिंत पाडायच्या आधी तिला हात लावून बघा. हात पोहोचत नसेल, तर झुला मागवा. आत कोण राहतं तेही विचारा. खड्डा अजून आहे, टायही येऊन बघून जातो. यंत्र सुरू झालं की भिंत थरथरते, आणि तेव्हा मी अजिबात वाढत नाही. रंगवलेल्या भेगेच्या हातात एवढंच असतं. ते मी जीव तोडून करते.