चिखल तुडवणाऱ्या मुली

ब्रॅडलो गावात दर उन्हाळ्यात आठवणींना बहर येतो. विहिरीचा सण जवळ आला, की गावातल्या म्हाताऱ्या सभागृहात जमतात, चहाची मोठी किटली तापते, आणि ज्यांनी आयुष्यभर एकमेकींची उणीदुणी काढली त्या एका सुरात सांगू लागतात, की आमच्या लहानपणी गाव म्हणजे एक कुटुंब होतं. कुटुंब होतं हे बेरिललाही मान्य होतं. फक्त त्या कुटुंबात जेवायला कोणी बसायचं आणि भांडी कोणी घासायची हे जन्माआधीच ठरलेलं असायचं, एवढं सांगायला त्या विसरत.

चौऱ्याहत्तर सालच्या जूनमधल्या त्या दुपारी बेरिल मागच्या रांगेत, दारातून येणाऱ्या वाऱ्याचा झोत चुकवून बसली होती. मांडीवर सहा वर्षांची फिलिपा. उन्हाळा असूनही पोरीच्या अंगात लोकरीचं जाकीट, कारण तिची छाती जन्मापासून नाजूक. बेरिलचा एक कान कायम त्या छातीकडे लागलेला असे. शेजारी नवरा रॉजर, गळ्यात कॅमेरा अडकवून. बँकेने मागच्या वर्षी या भागात बदली केली तेव्हा बेरिल जीव तोडून म्हणाली होती, शहरात राहू. पण रॉजर दक्षिणेकडचा, सपाट मुलखातला. त्याला दगडी घरं हवी होती, मेंढ्या हव्या होत्या, आणि ‘खरी माणसं’ हवी होती. खरी माणसं कशी असतात हे ज्याला ठाऊक नसतं, त्यालाच ती हवी असतात.

बेरिलला ठाऊक होतं. ती याच गावची. खाणीच्या तोंडाशी, टेकडीवर, जिथे घरात चुन्याची धूळ आणि बाहेरही चुन्याची धूळ, त्या वरच्या आळीत तिचा जन्म. शिष्यवृत्तीवर ती शिकायला बाहेर पडली ती पदवी घेऊनच थांबली. आईबाप गेले, बोलण्यातला गावंढा हेल गेला, आडनाव बदललं. परत आली ती बँकेच्या मॅनेजरची बायको म्हणून, खालच्या अंगाच्या नव्या घरात. कोणी ओळख दाखवली नाही, आणि तिनेही दिली नाही. फिलिपाला तर आजोबा ‘दगडाचं काम करायचे’ एवढंच माहीत होतं. पोरीला ते मूर्तिकार होते असं वाटे. बेरिलने वाटू दिलं होतं.

समोर मिसेस ऑलसॉप बोलायला उभ्या राहिल्या. खाणमालकांची थोरली सून, आता विधवा, गळ्यात मोत्यांची माळ, आणि विहिरीच्या सजावटीची तहहयात मालकीण. त्या उभ्या राहिल्या की बिस्किटं चावणारी तोंडंही थांबत.

“काय दिवस होते बाई ते!” त्यांनी डोळे मिटले. “साखर मोजून मिळायची, पण माया कधी कोणी मोजली नाही.”

मोजण्याइतकी नव्हतीच, बेरिल मनात म्हणाली.

“आणि भेदभाव? छे! विहिरीच्या फळीपुढे सगळे सारखे. खाणकामगारांची मुलं चिखल तुडवायची, आमच्या मुली पाकळ्या लावायच्या. सगळे कसे एकजीव!”

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. फळीचं काम असं: मोठी लाकडी फळी तळ्यात भिजत घालायची, तिच्यावर मीठ घालून तुडवलेला चिकणमातीचा थर द्यायचा, आणि त्या ओल्या मातीत फुलांच्या पाकळ्या दाबून चित्र भरायचं. मग ती फळी विहिरीवर उभी करायची आणि पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हणायची. चिखल तुडवणाऱ्यांचे पाय गारठून निळे पडायचे. चित्र बघायला बाहेरगावची माणसं यायची तेव्हा या तुडवणाऱ्यांना मागे उभं करायचे, कारण पाय मळलेले असायचे.

“एका वर्षी तर गंमतच झाली,” मिसेस ऑलसॉपना आता रंग चढला. “माझी भाची रोझलिंड ऐन वेळी गोवराने आडवी. मी म्हटलं, चला, वरच्या आळीतल्या एखाद्या पोरीला संधी देऊ. दिला तिला देवदूताचा चेहरा करायला. आणि काय सांगू! सणाच्या संध्याकाळी पावसाची एक सर आली, आणि देवदूताचे गाल घसरले ते थेट हनुवटीवर! गालगुंड झाल्यासारखा दिसायला लागला बिचारा!”

सभागृह खदखदून हसलं. रॉजर तर डोळे पुसत होता.

“पोरीचा तरी काय दोष म्हणा,” मिसेस ऑलसॉप मायेने म्हणाल्या. “वरच्या आळीतले हात. घामट. पाकळी धरतच नाही.”

बेरिलही हसली. मोठ्याने, सगळ्यांसारखी.

ती पोर बेरिलच होती. चोपन्न साल, वय नऊ. गुलाबाच्या पाकळ्या उलट्या करून, फिकट बाजू वर ठेवून, तिने तो चेहरा भरला होता; हनुवटीपासून सुरुवात करून कपाळापर्यंत, कौलं शाकारतात तशी, वरची पाकळी खालचीवर चढवत, म्हणजे पाणी निथळून जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बघायला गेली तेव्हा चेहरा खरवडून काढलेला होता आणि मिसेस ऑलसॉप स्वतः नवा भरत होत्या, कपाळापासून खाली. खाणकामगाराच्या पोरीने केलेला देवदूत पाहुण्यांना दाखवायचा म्हणजे काय! बाईंनी उभा जन्म फळीपुढे उभं राहून हुकूम सोडले होते. ओणवं होऊन पाकळी लावायची वेळ बहुधा त्या सकाळी पहिल्यांदाच आली होती. वरून खाली लावलं की प्रत्येक पाकळी पाण्यापुढे ओंजळ धरते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. बाईंना सांगणार कोण? पाऊस आला, चेहरा घसरला आणि खापर बेरिलच्या हातांवर फुटलं. घरी आई म्हणाली होती, “गप बस. तुझा बाप त्यांच्याच खाणीत उतरतो.”

तेव्हा गप्प बसायला बाप हे कारण होतं. आज हसायला फिलिपा होती. शाळेत वर्षभर पोरीला कोणी घरी खेळायला बोलावलं नव्हतं. ती एकटीच कुंपणाशी उभी असायची. या वर्षी फळीवर तिला जागा मिळाली, तर ती गावाची होईल. आणि जागा म्हणजे पाकळ्यांची. चिखलाची नव्हे. थंड पाणी, ओले पाय, ती छाती, नकोच. पण खरं सांगायचं तर छातीचं कारण सोयीचं होतं.

सभा संपल्यावर मिसेस ऑलसॉप स्वतःहून जवळ आल्या. “ही तुमची छोटी ना? काय नाजूक बोटं आहेत हो! उद्या आमच्या कोठारात पाठवा. या वर्षी देवदूताचा चेहरा हिच्याकडे.”

“तुमचे उपकार झाले,” बेरिल म्हणाली, आणि आपल्या तोंडून हे शब्द बाहेर पडलेले तिने स्वतःच ऐकले.

किटलीपाशी एडा बॅग्शॉ कप विसळत होती. वरच्या आळीतली, बेरिलच्या आईची भिंतीला भिंत लागून शेजारीण. तिने मान वर केली नाही.

“हसलीस बरं मघाशी.”

“एडामावशी...”

“मावशी आत्ता आठवली होय? वर्ष होत आलं येऊन.” तिने कप आपटला. “तुझी आई असती ना, तर तुला या किटलीत बुचकळून काढली असती. जा, पोरीला वारा लागेल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बेरिल गरम दुधाचा थर्मास आणि पोरीचं विसरलेलं जाकीट घेऊन ऑलसॉपांच्या कोठाराकडे गेली. दारातच थबकली. मधोमध घडवंच्यांवर फळी आडवी ठेवलेली. निळं आभाळ भरून झालं होतं, अल्डर झाडाच्या काळ्या बोंडांनी आखलेला देवदूत चेहरा पुरा व्हायची वाट बघत होता. फिलिपा स्टुलावर गुडघे टेकून ओणवी, जीभ दातांत धरून, पाकळ्या लावत होती. बेरिलचा ऊर भरून आला. आली बाई पोर माणसात.

कोपऱ्यात जस्ताच्या टबात दोन-तीन मुलं गुडघाभर चिखलात नाचत होती. त्यातली एडाची नात शेरिल बाहेर आली, फ्रॉकला हात पुसत फळीशी गेली.

“एक लावू दे ना गं. एकच.”

फिलिपाने मानही वर केली नाही. “नको. वरच्या आळीतले हात घामट असतात. पाकळी धरत नाही.”

आवाज सहा वर्षांच्या पोरीचा, पण सूर थेट मोत्यांच्या माळेतून आलेला. खुर्चीत बसलेल्या मिसेस ऑलसॉप कौतुकाने हसल्या. “ऐका! पोरगी हुशार आहे हं.”

शेरिल आपल्या हातांकडे बघत उभी राहिली. उलटे केले, सुलटे केले.

बेरिल पुढे गेली. “फिलिपा. हे कोणी सांगितलं तुला?”

“काल सगळ्यांनाच सांगितलं की,” फिलिपा आश्चर्याने म्हणाली. “तूपण हसलीस.”

वर्षभर बेरिल या गावाला मनातल्या मनात शेलक्या शिव्या देत होती, आणि गावाची सगळ्यात पहिल्या नंबरची विद्यार्थिनी तिच्याच घरात तयार झाली होती. तिने फळीवर नजर टाकली. कपाळ भरून झालं होतं. नाक निम्मं झालं होतं. वरून खाली.

“हे असं लावायला...?”

“मीच शिकवलं,” मिसेस ऑलसॉप म्हणाल्या. “कपाळापासून सुरू केलं की चेहरा कसा देखणा उतरतो.”

“वीस वर्षांत काहीच शिकला नाहीत म्हणजे,” बेरिल म्हणाली. तिचा घालवलेला हेल कुठून तरी परत आला होता. “ती गालगुंडवाली पोर मी होते. विल्फ ऑलरनशॉची बेरिल. वरच्या आळीतली. माझा चेहरा तुम्ही खरवडलात. पावसात घसरला तो तुमचा.”

टबातली मुलं नाचायची थांबली.

“काहीतरीच!” मिसेस ऑलसॉपचा हात माळेकडे गेला. “इतक्या जुन्या गोष्टी कोणाच्या लक्षात असतात?”

“काल तर होत्या.”

फिलिपा आईकडे बघत होती. आधी तोंडाकडे, मग हातांकडे. त्या नजरेत एक बारीकसा किळसभरला संशय होता, आणि बेरिलला तो चांगला ओळखीचा होता. नऊ वर्षांची असताना तो रोज अंगावर घेतला होता तिने. पोरीने आपला हात हळूच मागे ओढला आणि फ्रॉकला पुसला.

बेरिल खाली वाकली. तिने फिलिपाच्या सॅन्डलचे बंद सोडले. मोजे ओढून काढले.

“आई! पाणी गार आहे! मला खोकला येईल!”

“येईल,” बेरिल म्हणाली, आणि तिला काखेत धरून उचलून टबात उभी केली.

“अहो, पण चेहरा कोण करणार?” मिसेस ऑलसॉप उठल्याच.

“तुम्ही करा की. हातखंडा आहे तुमचा. सणाच्या दिवशी पाऊस सांगितलाय.”

फिलिपा चिखलात ताठ उभी राहून रडू लागली. मदतीला कोणी आलं नाही. शेरिलने थोडा वेळ ते रडणं ऐकलं, मग ती टबात शिरली.

“अशी खांबासारखी काय उभी राहतेस? टाच दाब. तशी नाही गं, वेडाबाई. टाच!”

फिलिपाने नाक ओढलं आणि टाच दाबली. चिखलातून बुळुक आवाज आला. ती दचकली. मग दुसरी टाच दाबली. आणि खोकली. एकदा, मग पुन्हा. बेरिलच्या हातातलं जाकीट आपोआप उलगडलं गेलं. ते हातात तसंच धरून ती उभी राहिली, सगळा जीव कानात आणून, पण पाऊल उचललं नाही.

दारात रॉजर येऊन उभा होता, डोळ्याला कॅमेरा.

“वा! काय सुंदर दिसतंय,” तो म्हणाला. “अगदी जुन्या काळासारखं. बेरिल, जरा बाजूला हो ना, फोटोत येतेस.”

बेरिल बाजूला झाली नाही.