भागाबाईनं थुंकलेली ओळ

भागाबाईचा गळा बसला, तेव्हा हिंदी मुलखातल्या हुडको वसाहतीतल्या मराठी घरांना वाटलं, आता आपल्या हळदी मुक्या होणार. बाई शिकली दुसरीपर्यंत, पण हळदीचं गाणं जागच्या जागी रचायची. आधी त्या घरी चहा प्यायची आणि खोदून खोदून विचारायची. कोण हयात आहे, कोण गेलं, कोणती जाऊ कोणत्या जावेशी बोलत नाही. गेलेल्या माणसाचं नाव हळदीत येऊ द्यायचं नाही, हा तिचा कडक नियम.

"काय म्हणाचं ते कोणालेबी जमते," ती ठसक्यात सांगायची. "काय नाई म्हणाचं, ते समजाले केस पिकवा लागते."

एक ओळ मात्र ती आता कधीच म्हणत नसे. पूर्वी नागपूरकडच्या सगळ्या बाया म्हणत, तीही म्हणायची:

हळद लागली पोरी, आता मागं नको पाहू,
मायच्या उंबऱ्याशी पुन्हा रडत नको येऊ.

तिची लेक ललिता हीच हळद लेवून सासरी गेली. तिकडे मार खाल्ला. शेजारीण म्हणाली, माहेरी जा. ललिता म्हणाली, हळदीतच सांगून धाडलं मायनं. पुढे तिला विहिरीतून काढलं.

तेरवी झाली आणि भागाबाईनं ती ओळ थुंकून टाकली. तिच्या जागी दुसरी बसवली:

हळद लागली पोरी, वाट ध्यानात ठेवजो,
खुपलं काही जिवाले तं उठून घरी येजो.

ओळ का बदलली, ते कोणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. सून ममता या घरात आली तेव्हा ललिता भिंतीवरच्या फोटोत होती, आणि त्या फोटोबद्दल बोलायची सोय नव्हती.

आता ममताची पोर गुंजन बोहल्यावर चढत होती. भागाबाईच्या गळ्याचं ऑपरेशन झालेलं. आवाज म्हणजे फरशीवरून पातेलं ओढावं तशी खरखर. तरी तिनं मनाशी ठरवलं होतं, बाकी गाणं गेलं चुलीत, पण त्या दोन ओळी नातीच्या कानात पडल्याच पाहिजेत.

राजनांदगावहून नवरदेवाची आई रत्नमाला उष्टी हळद घेऊन आली. बाया जमल्या. भागाबाईनं वाटीत बोटं बुडवली, गुंजनच्या गालाला लावली आणि तोंड उघडलं.

आणि मंडपातल्या स्पीकरमधून तिचाच आवाज आला.

खणखणीत, भरल्या घागरीसारखा. तरुणपणीची भागाबाई.

"सरप्राइज, आजी!" गुंजन टाळ्या पिटत म्हणाली. "तुझ्या जुन्या रेकॉर्डिंग मोबाइलवरच्या एआयले देल्या. त्यानं नवीन गाणं बनवलं. एकदम तुझा आवाज!"

बायांनी डोळ्यांना पदर लावले. भागाबाईची मानही ताठ झाली, खोटं का बोला. असा गळा होता आपला! ती हनुवटी वर करून ऐकत राहिली. हेल तिचा, श्वास तिचा, 'पोरी' म्हणतानाचा लाडही तिचाच.

आणि त्याच लाडानं आवाज म्हणाला:

"हळद लागली पोरी, आता मागं नको पाहू…"

भागाबाईच्या हातची वाटी कलंडली. "बंद कर! बंद कर ते!" ती ओरडली, पण खरखर टाळ्यांत बुडाली.

"वा, इहिनबाई!" रत्नमाला मान डोलवत होती. "हे बाकी लाखाचं बोलल्या. आजकालच्या पोरी उठल्या का माहेरी. गुंजन, आजीचं ध्यानात ठेव बरं."

भागाबाईनं उठून स्पीकरची वायरच उपटली.

"हे कोणं टाकलं? म्या हे म्हणतच नाई!"

"मैंने कुछ नहीं डाला, आजी," गुंजन गोंधळली. "मी फक्त म्हटलं, जुन्या पद्धतीचं हळदीचं गाणं दे. सब जगह यही गाते हैं, म्हणून आलं असंल."

"जगाचं असंल! आवाज तं माहा हाय ना! माह्या तोंडात कावून कोंबलं?"

"आई," ममतानं दात आवळून म्हटलं, "एक ओळ तं हाय. पाहुण्याइसमोर कावून तमाशा करून राहिल्या?"

भागाबाईनं नातीची हनुवटी धरली. स्वतःच्या दोन ओळी म्हणायला गेली. पहिली अर्धी आली. दुसरीची नुसती हवा झाली.

"गला मत खराब करो, आजी," गुंजननं मायेनं तिचे ओठ पुसले. तोवर कोणीतरी वायर पुन्हा जोडली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाठवणी. बँड वाजत होता. भागाबाई गर्दीतून कोपरं मारत गाडीपाशी पोचली आणि नातीच्या कानाशी तोंड नेलं.

"गुंजन, ते गाणं खरं मानू नको. माही ललिता…"

"आई!" ममतानं तिला दंडाला धरून मागं ओढलं. "आजच्या दिवशी गेलेल्याचं नाव? तुमचाच तं नियम हाय!"

नियम तिचाच होता.

गुंजन रडता रडता हसली. "टेन्शन नको घेऊ, आजी. तू म्हटलं तसंच करीन. रडत नाही येणार."

गाडीत रत्नमालानं पुढे वाकून ड्रायव्हरला सांगितलं, "ते आजीचं गाणं लावा हो." काच वर चढली. आत भागाबाईचा आवाज सुरू झाला, गोड, खणखणीत. बाहेर भागाबाई काचेवर तळहात आपटत "येजो, येजो" म्हणत होती, आणि तिचं तिलाही ऐकू येत नव्हतं.

गाडी सुटली. वळणापर्यंत म्हातारी डोळे फाडून बघत होती.

गुंजननं मागं पाहिलं नाही.