बांबूपासचा गाळ

माझा स्वभाव तापट आहे. प्रयोगशाळेतली मुलं मला घाबरतात आणि मला ते आवडतं, हे आधीच सांगून टाकते.

चंद्रपूरपासून दोन तासांवर एका गावात जुना तलाव आहे. त्याच्या तळातल्या गाळात कोणते जिवाणू राहतात, ते ऋतूंबरोबर कसे बदलतात, हे मी तीन वर्षं तपासत होते. तलावाच्या मधोमध खुणेसाठी एक बांबू रोवलेला होता. दर महिन्याच्या दहा तारखेला तिथले मासेमार मनसारामभाऊ डोंग्यातून बांबूपाशी जायचे, बुडी मारून तळात प्लास्टिकची नळी खुपसायचे, आणि भरलेली नळी बर्फाच्या डब्यात घालून एसटीने माझ्याकडे पाठवायचे. तारीख कधी चुकली नाही.

मागच्या सप्टेंबरपासून गाळ बदलला. हवेशिवाय जगणारे जिवाणू एकाएकी घटले आणि हवेत वाढणारे भरमसाट झाले. कारण काही केल्या सापडेना, पण मी हरखून गेले होते. शोधनिबंध लिहिला, तो स्वीकारलाही गेला. मे महिन्यात पेढे घेऊन मी थेट मनसारामभाऊंच्या अंगणात हजर झाले.

"भाऊ, तुमच्या तलावात मोठं काहीतरी घडलंय! निबंधात तुमचंही नाव छापून येणार."

त्यांनी पेढा हातातच धरला. "बाई, तो गाळ बांबूपासचा नोहे. काठावरचा होय."

काठावरच्या उथळ गाळात हवा जास्त असते, म्हणजे फरक तलावाचा नव्हताच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "नऊ महिने फसवलंत मला? कशासाठी?"

"गोकुळा तथीच सापडली ना."

गोकुळाबाई त्यांची बायको. भादव्यात शिंगाडे तोडताना डोंग्यातून तोल गेला आणि ती वेलींत अडकली. सापडली ती बांबूपासून चार हातांवर, पाय गाळात रुतलेले. मनसारामभाऊंनीच बुडी मारून तिला वर काढलं होतं.

"फोनवर म्हनलो होतो मी, घरी अडचन हाये, या खेपेस राहू द्या. तुमी म्हनल्या, एक महिना चुकला तर तीन वर्साची मेहनत पान्यात जाईल. मंग चवथ्या दिवशी गेलो. पन मंधात जायची हिंमतच नाई झाली. काठावरूनच नळी भरली."

तो फोन मला लख्ख आठवला. अडचण कसली, एवढंसुद्धा मी विचारलं नव्हतं. उलट त्यांनाच चांगलं झाडलं होतं. आणि नळी दहा तारखेलाच आली म्हणून स्वतःवर खूश झाले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

निबंध मागे घ्यावा लागणार हे उघड होतं. तरीही बांबूपासचा गाळ खरंच बदललाय की नाही, ते मला हवं होतं. लाज वाटत असतानाही हवं होतं. भाऊंना ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"एकडाव आनून देऊ?"

मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

ते डोंगा घेऊन गेले. बुडी मारून बराच वेळ वर आले नाहीत. मग आले, नळी डोंग्यात टाकली आणि बांबूला धरून पाण्यातच थांबून राहिले. काठावर आले तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. तपासणीचं काय झालं, असं त्यांनी याआधी कधी विचारलं नव्हतं.

"बाई, निंगाला का काई फरक?"

"नाही भाऊ. गाळ पहिल्यासारखाच आहे. तेच जिवाणू, तेवढेच."



"म्हंजे गोकुळा गेली, अन् तलावाले काईच नाई झालं?"

खोटं बोलायची तीच वेळ होती. जन्मात एकदा तरी.

"नाही, भाऊ," मी म्हटलं. पलीकडे ते रडत होते आणि अलीकडे मी.