खोका आणि खोकला

मित्रांनो, मी लाकडाचा एक जुना खोका. वय विचाराल तर पंधरा उलटून गेलंय, आणि माझ्या जातीत ते म्हातारपणच म्हणायचं. अंगावर एक गोल बटण, पोटात तापणारी तार, तोंडाला काचेची नळी आणि तिच्या पुढे हातभर रबरी नळी, एवढाच माझा संसार. माझं काम गांजा तापवण्याचं. जाळण्याचं नव्हे, तापवण्याचं. हा फरक नीट ध्यानात घ्या, कारण माझी निंदा झाली ती त्याच्यावरून आणि कौतुक झालं तेही त्याच्यावरूनच. आणि ज्यांना अजून मिसरूड फुटलेलं नाही त्यांनी इथेच पान उलटून एखाद्या छत्रीचं नाहीतर पाटीचं आत्मवृत्त वाचावं. माझी गोष्ट त्यांच्यासाठी नाही.

माझा जन्म उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरात, बर्डी नावाच्या बाईच्या शेडमध्ये झाला. बर्डी सुतारकाम करायची, आणि तिच्या हाताला स्वस्थता म्हणून नव्हती. कुंपणातून उरलेल्या रेडवुडच्या फळ्या कापून, घासून तिने मला उभं केलं. पहिल्या दोन खेपांना माझ्या काचेतला गांजा चक्क करपला आणि तिने मला सुतारांना येतात त्या सगळ्या शिव्या दिल्या. तिसऱ्या खेपेला मात्र हिरवी फुलं हळूहळू तपकिरी झाली, नळीतून धुराऐवजी हलकी वाफ आली आणि शेडभर मक्याच्या लाह्यांसारखा वास सुटला. बर्डीने कानामागची पेन्सिल काढून बटणाशेजारी एक रेघ मारली आणि मला बजावलं, "इथवर. याच्या पुढे गेलास तर चुलीत घालीन." ती रेघ मी आजवर ओलांडलेली नाही.

तिने मला बनवलं ते शेजारच्या ऑर्व्हिलसाठी. ऑर्व्हिल तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता. तरुणपणी तो जंगलात झाडं पाडायचा. एकदा एक ओंडका पाठीवर आला तेव्हापासून पाठ धरलेली. त्या दुखण्यावर तो परसात स्वतःच्या हाताने लावलेला गांजा ओढायचा. डॉक्टरांचा कागद त्याच्याकडे होता, आणि कागद नव्हता तेव्हाही त्याचं ओढणं काही अडलं नव्हतं. त्यासाठी त्याच्या खिशात एक लाकडी चिलीम असायची. मी तिला चिलीमबाई म्हणतो. बाई वयाने मोठ्या, रुबाबदार, आणि एका काडीवर पेटणाऱ्या.

पण ऑर्व्हिलला दरीत जो तो ओळखायचा तो नाच पुकारण्यासाठी. आमच्याकडच्या नाचात चार जोड्या चौकोनात उभ्या राहतात आणि काय करायचं ते मंचावरचा पुकारणारा गाण्याच्या चालीत सांगतो. "उजवा हात जोडीदाराला, डावा शेजारणीला, फेर धरा, फेर धरा, मग या आपापल्या घराला." घर म्हणजे जिथून निघाला ती जागा. पुकारणाऱ्याने सांगितलं की निमूटपणे करायचं. शेरीफ नाचत असला तरी त्यानेही. नाचाच्या हॉलच्या भिंतीवर तशी पाटीच होती: पुकारणाऱ्याचा शब्द शेवटचा. पस्तीस वर्षं तो शब्द ऑर्व्हिलचा होता.

मग खोकला आला. त्या वर्षी वसंतात ऐन रंगात ऑर्व्हिलने "उजवा हात" म्हटलं आणि जो खोकायला लागला तो थांबेचना. खाली आठ माणसं उजवा हात वर करून ताटकळली, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की धूर बंद कर, नाहीतर दम परत येणार नाही. हॉलच्या कमिटीचा अध्यक्ष हॅस्केल, ज्याच्या शर्टाला शनिवारीसुद्धा इस्त्री असते, त्याने सुगीच्या नाचासाठी दुसऱ्या कोणाचा पुकारा भरलेली टेप लावायचं ठरवलं.

"मनाला लावून घेऊ नकोस, ऑर्व्हिल," तो म्हणाला. "पण टेप खोकत नाही."

ऑर्व्हिलने मनाला लावून घेतलंच. सुगीचा नाच त्याच्या हातून गेला तर पुढचे सगळेच गेले, हे त्याला कळत होतं. चिलीम सोडावी तर पाठ त्याला मंचावर उभं राहू देईना, आणि ओढावी तर खोकला बोलू देईना. त्याची बायको डार्लीन तडक बर्डीकडे गेली, आणि बर्डीने मला तिच्या हाती दिलं.

आमची पहिली भेट काही शोभेची झाली नाही. ऑर्व्हिलने आपली ताजी, ओलसर, चिकट फुलं चिलमीत दाबतात तशी माझ्या तोंडात ठासली, आणि सवयीने काडी पेटवून थेट माझ्या काचेला लावली.

"अरे, त्याची वायर लावायची असते," डार्लीन म्हणाली.

"वायर लावून गांजा? मग टोस्टरमध्येच घालतो की."

वायर लागली. पण ठासलेल्या ओल्या फुलांतून हवा जाते कुठली? त्याने गाल आत जाईपर्यंत जोर लावला आणि नळी खाली ठेवली. "धूर नाही, खोकला नाही. हे काय कामाचं?"

मित्रांनो, इथेच सगळी मेख होती. डोंगरातल्या या जुन्या ओढणाऱ्यांची एक पक्की समजूत असते: छातीत ठसका लागला म्हणजे माल लागला. ऑर्व्हिल इतकी वर्षं खोकल्यावरून मोजत आलेला. एक ठसका म्हणजे अर्धं काम, दोन ठसके म्हणजे झालं. माझ्याकडे ठसकाच नाही, तर बिचारा मोजणार कशावरून?

पुढल्या गुरुवारी दुपारी तालमीला तो मला हॉलवर घेऊन गेला, डार्लीनच्या आग्रहाखातर. या वेळी फुलं तिने वाळवून, मोकळी करून भरली होती. मंचामागे मला वायर लागली आणि मी माझ्या परीने उत्तम वाफ दिली. त्याने एकदा ओढली, खोकला नाही. दुसऱ्यांदा ओढली, नाही. असं करत सात वेळा ओढली. "नुसती कोमट हवा आहे," म्हणत तो मंचावर गेला आणि पुकारायला लागला. पहिली पाच मिनिटं आवाज असा खणखणीत होता की मी मागे बसून फुगून गेलो.

सहाव्या मिनिटाला त्या सातही झुरक्यांनी एकदम हजेरी लावली.

"फेर धरा," ऑर्व्हिल म्हणाला. सगळ्यांनी फेर धरला. "फेर धरा," तो पुन्हा म्हणाला, डोळे मिटून, मोठ्या प्रेमाने. आणि मग तो तिथेच राहिला. "फेर धरा, फेर धरा." जगात त्याहून सुंदर शब्द नसावा असं त्याला वाटत होतं. खाली माणसं फिरतायत. घरी या असं त्याने म्हटलेलं नाही, मग थांबायचं कसं? डार्लीन फिरतेय. हॅस्केल फिरतोय, त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलाय, पण भिंतीवरची ती पाटी त्यानेच रंगवून लावलेली होती, त्यामुळे तोंड उघडायची सोय नाही. सतरा मिनिटं तो फेर चालला. शेवटी बर्डी मंचावर चढली आणि ऑर्व्हिलच्या कानात म्हणाली, "म्हाताऱ्या, घराला म्हण."

"घराला," ऑर्व्हिल म्हणाला, आणि सगळा हॉल खुर्च्यांवर कोसळला.

मला अजून हसू येतं. तेव्हा मात्र आलं नाही, कारण शिक्षा मला झाली. हॅस्केल म्हणाला, आता टेप नक्की. तिसऱ्या दिवशी ऑर्व्हिल मला लाकडाच्या शेडमध्ये टाकून आला. चिलीमबाई पुन्हा खिशात जाऊन बसल्या. माझ्यावर कोळ्याने जाळं विणलं. एका उंदराने माझ्या काचेत ओकची फळं साठवली आणि मला आपलं कोठार करून टाकलं. मला फार वाईट वाटायचं. माझी चूक एवढीच होती की मला ठसका लावता येत नव्हता.

सप्टेंबरात एका सकाळी ऑर्व्हिल सरपण न्यायला आला. इकडेतिकडे बघितलं, कोणी नाही असं पाहून ओंडक्यावर बसला आणि हळू आवाजात पुकारायला लागला. "उजवा हात जोडीदाराला" इथवर आला आणि खोकला सुरू झाला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा खोकला. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्न केला नाही. हातरुमालाने डोळे पुसले. मग त्याची नजर माझ्यावर गेली. त्याने मला उचललं, उंदराची फळं काढून खाली नीट ढीग करून ठेवली, आणि मला काखेत मारून तो तडक बर्डीच्या दारात उभा राहिला.

"शिकव," तो म्हणाला.

"जाडसर कुस्कर. दाबू नकोस. गरम सूप पितोस तसं हळू ओढ, भाता मारल्यासारखं नको," बर्डी म्हणाली. "दोनदा ओढायचं आणि उठायचं. मग दहा बटाटे सोल. बटाटे संपले आणि पाठ तरीही दुखत असेल, तरच तिसऱ्यांदा."

"आणि लागलं हे कळणार कसं?"

"बटाटे सोलायला मजा वाटायला लागली की कळेल."

त्या महिन्यात आमच्या घरी रोज बटाटे. उकडलेले, तळलेले, कुस्करलेले. डार्लीनने शेवटी हात जोडून गाजरं आणली. पण ऑर्व्हिल मोजायला शिकला. पहिल्या आठवड्यात खोकला होता तसाच होता, उलट जुना साठा निघाल्यासारखा वाढलाच. तिसऱ्या आठवड्यात तो सकाळपुरता उरला. चिलीमबाई फळीवर गेल्या. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. बाई खिशात मावायच्या, डोंगरात कुठेही साथ द्यायच्या. मला भिंतीतली वीज लागते, तापायला चार मिनिटं लागतात, आणि वादळात तारा तुटल्या की मी नुसता लाकडाचा ठोकळा. शिवाय मी काही संत नाही. नशा माझ्यातही तीच असते. मी फक्त आग आणि धूर मधून काढतो. डॉक्टर तर अजून म्हणतात की काहीच ओढलं नाहीस तर सगळ्यात बरं, आणि त्यांच्यापुढे मी कशाला बोलू?

सुगीचा नाच रविवारी दुपारी होता. हॅस्केलने अट घातली होती: ऑर्व्हिलला पुकारू द्यायचं, पण टेप मंचावर तयार राहील, आणि नाच एकदा जरी खोळंबला तरी बटण दाबायचं. मी घरी खिडकीत होतो. हॉल रस्त्यापलीकडेच, आणि खिडकी उघडी होती. पहिला नाच स्वच्छ गेला. दुसराही. तिसऱ्यात एक बारीकसा खोकला आला आणि माझी तार थंड असून तापल्यासारखी झाली, पण त्याने तो गाण्याच्या ठेक्यातच बसवून टाकला. चौथा, पाचवा, सहावा गेला.

शेवटच्या नाचाच्या मध्यावर आवाज बंद पडला.

फिडल वाजत होतं, पाय वाजत होते, पण ऑर्व्हिल नाही. मी मनात म्हटलं, संपलं. आता टेप लागणार. आणि मग आवाज आला, पण मंचावरून नाही, माइकशिवाय, जमिनीवरून, हलता, धापा टाकत हसणारा: "उजवा हात जोडीदाराला..." आणि त्याच्यावर डार्लीनचं हसू.

चहाच्या वेळेला दोघं घरी आली ती लाल तोंडाने. बर्डी मागोमाग होतीच. डार्लीनने बूट काढले आणि पाय दाबत बसली.

"पस्तीस वर्षं," ती बर्डीला म्हणाली. "पस्तीस वर्षं मी दुसऱ्या बायकांच्या नवऱ्यांबरोबर नाचले. का, तर माझा नवरा मंचावर. आज उडी मारून खाली आला."

"उडी नाही, पायरीने आलो," ऑर्व्हिल म्हणाला.

"नाचतही होता आणि पुकारतही होता. माझा पाय चारदा तुडवला."

"दोन कामं एकदम होती. आणि हॅस्केलकडे बघितलंस का? टेप गुपचूप पिशवीत घातली त्याने."

डार्लीनने हसता हसता त्याचा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

मित्रांनो, आता माझी रबरी नळी पिवळी पडली आहे. माझ्या काचेतली बारीक जाळी आठवड्यातून एकदा स्पिरिटने धुवावी आणि मला ओल्या जागी ठेवू नये, एवढीच माझी स्वतःपुरती विनंती. जे ओढत नाहीत त्यांनी माझ्यासाठी सुरुवात करू नये. पण एक गोष्ट सगळ्यांना सांगतो, ती मला पुसताना डार्लीनच एकदा म्हणाली होती. तिला त्या खोकल्याची इतकी सवय झाली होती की ऑर्व्हिल घरात कुठे आहे हे ती खोकल्यावरूनच ओळखायची, आणि त्यात काही वावगं आहे हे तिला कित्येक वर्षं जाणवलंच नाही. तुमच्या माणसाच्या खोकल्याची अशी सवय करून घेऊ नका. ऑर्व्हिल आता एक्याऐंशीचा आहे. डार्लीनला त्याला शोधायला घरभर हाका मारत फिरावं लागतं, आणि तो परसाच्या टोकावरून सबंध कडवं पुकारून उत्तर देतो, एका दमात.