मावशीच्या कानांशिवाय

"तुम्ही निघून गेलात की आम्ही बंद पडायचं का?"

भर बैठकीत हे विचारायची भोंग्याची छाती होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. भोंगा म्हणजे ती; आवाजावरून पडलेलं नाव, आणि दहावीत गेल्यापासून तिला ते चक्क आवडायला लागलं होतं. पण प्रश्न तोंडातून निघाला मात्र, तिने पटकन मावशीकडे पाहिलं.

मावशीने कपाळाला हात लावला. भिंतींना गाद्या ठोकलेल्या या दोन खोल्यांत मावशीची संस्था दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. चार देणगीदार संस्थांनी एकत्र येऊन तिला सात वर्षांसाठी हात दिला होता, आणि सहावं वर्ष सरत आलं होतं. त्या चारही संस्थांच्या वतीने आलेल्या बाई मात्र रागावल्या नाहीत.

"बरं झालं विचारलंस. आम्ही नुसती यंत्रं घ्यायला थोडेच पैसे दिले? संस्था आपल्या पायावर उभी राहावी म्हणून दिले. आता तूच सांग, मावशी महिनाभर गावाला गेली तर?"

भोंग्याने कपाटाकडे पाहिलं. वाचून झालेली एकोणीस पुस्तकं तिथे अडून बसली होती. प्रत्येक ध्वनिमुद्रण मावशी स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, त्याशिवाय काही बाहेर जायचं नाही.

"ठप्प," भोंगा म्हणाली.

"घरचीच माणसं अशी पाय ओढतात बघा," मावशी म्हणाली. "आणि मी कशाला जातेय गावाला?"

"जाणार आहात," बाई हसल्या. "शेवटच्या वर्षाची आमची एवढीच अट. एक महिना रजा, फोन बंद. चारही संस्थांचं एकमत आहे, आणि ते व्हायला किती कप चहा लागतो, तुम्हाला माहीत आहे."

"मग तपासणार कोण? चुका पकडायला कान लागतात."

कोपऱ्यात मास्तर खाकरले. दृष्टी गेल्यापासून अकरा वर्षं ते इथलीच पुस्तकं ऐकत होते. "कान आहेत की माझे. मागच्या पुस्तकात सातव्या प्रकरणात एकच परिच्छेद दोनदा आलाय. आणि नायकाची आत्या मध्येच काकू होते."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं कुणी?"

इतक्या वर्षांत ऐकणाऱ्यांनाच विचारायचं राहून गेलं होतं. "पण छापलेलं पान कोण बघणार?" मावशी हळूच म्हणाली.

"मी," भोंगा म्हणाली.

लगेच एक पुस्तक लावलं. मास्तर ऐकत होते, खटकलं की बोट वर. भोंगा ओळ शोधून खूण करत होती. अर्ध्या तासात चार चुका. चौथी खुद्द भोंग्याने वाचलेल्या पानावरची. तिने घाईत अख्खी ओळ गिळली होती.

"भूक लागली असेल," मास्तर म्हणाले.

पाचवी सापडते का बघायला मावशीने तोच भाग पुन्हा ऐकला. नाही सापडली. "महिना जरा जास्तच होतो," ती म्हणाली. "पण जाते."

घरी जेवताना भोंग्याने आईबाबांना सांगून टाकलं, "शनिवारची सकाळ आता मास्तरांची. गणिताचा क्लास रविवारी घेतलाय, सरांशी बोलून झालं."

"आम्हाला विचारणार होतीस का?" बाबा म्हणाले.

"नाही. सांगतेय ना."

"वर्षभर जमेल?" आईने विचारलं.

"त्याच्या पुढच्या वर्षीही जाणार मी. त्या बाई येणार नाहीत, तेव्हासुद्धा."